पाय धुण्याचा कार्यक्रम

पाय सगळ्यांनी घरूनच स्वच्छ धुऊन यायचे, हे छायाबाईंनी ग्रुपवर दोनदा टाकलं होतं. मागच्या वर्षी कोणाचा तरी मळ पांढऱ्या टॉवेलला लागला होता आणि तो फोटोत दिसला होता.

त्यामुळे गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी खामगावच्या त्या चर्चमध्ये वेदीपुढे सगळे चकचकीत पाय बसले होते. येशूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून पाळकसाहेब दर वर्षी बारा जणांचे पाय धुतात. कोणाचे, ते स्वागत समिती ठरवते. यंदा डॉक्टर होते, तेल मिलवाले होते, निवृत्त तहसीलदार होते. एका बाईने तर नखं रंगवून घेतली होती.

अविनाश कडेच्या आधीच्या खुर्चीवर बसला होता. त्याच्या शेजारची, अगदी कडेची खुर्ची रिकामी होती. ती शरयूची, त्याच्या बायकोची. शरयू फेब्रुवारीत गेली. आता खुर्चीच्या पाठीला कागद चिकटवला होता, 'नगरसेविका मॅडम'. मॅडम अजून आल्या नव्हत्या. पाळकसाहेब परात घेऊन थांबले होते. कॅमेरावाला थांबला होता, म्हणून पाळकसाहेबांना थांबावंच लागत होतं.

मॅडमच्या आधी सोजराबाई आली. पिंपळगाव राजाहून भाजी आणून ती खामगावच्या बाजारात विकते. चपला दाराबाहेर काढून ती सरळ पुढे आली आणि अविनाशजवळ उभी राहिली. तिच्या पायांवर वावरातली काळी माती वाळली होती.

"भाऊ, शरयूबाईनं सांगतलं होतं मले," ती म्हणाली. "दवाखान्यात भेटाले गेली होती ना मी, तं म्हणे, औंदा माह्या खुर्चीवर तू बस. बसू का?"

अविनाशला हे माहीत होतं. शरयूने त्यालाही सांगितलं होतं. त्याने ते समितीला सांगितलं होतं आणि समितीने नक्की विचार करतो म्हटलं होतं. समितीने विचार केला होता.

"बस," तो म्हणाला आणि त्याने तो कागद ओढून काढला.

छायाबाई लगबगीने आल्या. त्यांच्या साडीवर 'आपले स्वागत आहे' असा बिल्ला होता. त्या हसत आल्या. कोणाला हाकलायचं असलं की त्या जास्तच हसत.

"मावशी, तुम्ही आलात, खूप आनंद झाला. मागे बसा हं. पंख्याखाली जागा आहे."

"मले इथंच बसाचं आहे. बाईनं सांगतलं."

"अहो, पण तुमचे पाय बघा."

सोजराबाईने पाय बघितले. "मळले आहेत," ती म्हणाली. "म्हणून तं धुऊन राह्यले ना तुम्ही?"

तेल मिलवाले फिसकन हसले. मग कोणीच हसत नाही असं पाहून खोकले. पाळकसाहेबांनी परातीत पाहिलं. पाण्यात गुलाबाच्या पाकळ्या होत्या.

"छायाताई, काही तरी प्रेमाने मार्ग काढा," ते हळूच म्हणाले.

छायाबाईंनी प्रेमाने मार्ग काढला. "असं करा मावशी, मागच्या अंगणात हापशी आहे. तिथे पाय नीट धुऊन या. मग बसा खुर्चीवर."

"धुतलेले पाय धुवाले पाळक काऊन लागते, छायाबाई?" अविनाश म्हणाला. "तुमच्या मोरीत नळ नाई काय?"

"अविनाशभाऊ, तुमचं दुःख आम्ही समजू शकतो."

"नाई समजत."

"भांडू नका भाऊ," सोजराबाई म्हणाली. "त्याले काय होते? धुऊन येते मी." आणि ती निघालीसुद्धा.

हापशीवर एकट्याला पाय धुता येत नाहीत. दांडा मारावा तर पाणी वाहून जातं, पाय पुढे करावे तर दांडा सुटतो. अविनाश खुर्ची सोडून तिच्या मागे गेला. तो उठताच छायाबाईंनी फोन लावला.

त्याने दांडा धरला. सोजराबाईने लुगड्याचा काठ वर खोचला आणि पाय धारेखाली धरले. माती लवकर सुटेना. तिने एक खडा उचलला आणि घासायला लागली.

"बाई होती तं आठवड्याची भाजी न्यायची," ती म्हणाली. "आता तुम्ही दिसतच नाई बाजारात. जेवता का नाई बरोबर?"

"जेवतो."

"काय जेवता?"

अविनाशने दांडा तेवढा जोरात मारला.

फाटकाशी गाडी थांबली. नगरसेविका मॅडम उतरल्या, मागून त्यांचे यजमान. छायाबाई पुष्पगुच्छ घेऊन धावल्या. खिडकीतून अविनाशला आतलं दिसत होतं. मॅडम शरयूच्या खुर्चीवर बसल्या. यजमानांना त्याच्या खुर्चीवर बसवलं. यजमानांनी बूट काढले, मोजे काढून बुटात कोंबले. पेटी वाजली. गाणं सुरू झालं. कॅमेऱ्याचा दिवा लागला आणि मग पाळकसाहेबांनी गुडघे टेकले.

सोजराबाईची पाठ खिडकीकडे होती. तिने एकेक पाय वर करून पाहिला. तळवे पाण्याने पांढरे पडले होते.

"झाले साफ," ती म्हणाली. "गाणं लागलं भाऊ. जाऊ ना आता आत?"

"थांब," अविनाश म्हणाला. "टाच राह्यली अजून."

आणि तो हापसत राहिला.