एकाच बाजूची धार

“नेरूरकर, कोरीवकामाला यातली कुठली बरी?” डावखुऱ्या रेग्यांनी दुकानातल्या दोन छोट्या कुऱ्हाडी पुढे केल्या.

गेल्या वर्षीच्या काष्ठशिल्प स्पर्धेत याच रेग्यांनी नेरूरकरांच्या बदकाची हुबेहूब नक्कल करून पहिलं बक्षीस पटकावलं होतं. नेरूरकरांनी दोन्ही पात्यांवरून अंगठा फिरवला. दोन्हीकडून धार लावलेली कुठल्याही हाताला चालते. एकाच बाजूने लावलेली उजव्या हाताची. डाव्या हातात ती लाकडात भलतीच खोल रुतते.

“ही एका बाजूची. डोळे मिटून घ्या!”

रेग्यांनी घेतली.

यंदा त्यांच्या लाकडी माशावर नको तितक्या खाचा पडल्या. परीक्षकांना ते खवले वाटले. पुन्हा पहिलं बक्षीस!

“श्रेय नेरूरकरांचं,” रेगे व्यासपीठावरून गहिवरले, “कुऱ्हाड त्यांनीच निवडली.”

नेरूरकरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी रेग्यांना करवत कुठली सुचवायची, ते टाळ्या थांबेपर्यंत ठरलं होतं.