सैल केबल

कार्यालयातल्या संगणकाची स्क्रीन पुन्हा लुकलुकू लागली. विभावरीने मागे पाहिलं, तर केबल आजही सैल. रोज सकाळी ती येण्याआधी त्या संगणकावर फक्त जुने कारकून गवाणकरकाका बसत. मला बढती मिळाल्यापासून यांनी डूख धरलाय, तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती लवकर आली आणि दारातूनच पाहत राहिली. काकांनी मॉनिटर दोन्ही हातांनी पुढे ओढला. मागची केबल ताणली गेली. नाक काचेला टेकेल इतकं वाकून ते आलेल्या पत्रातलं एकेक अक्षर लावत होते.

"काका, दिसत नाही तुम्हाला?"

ते दचकले. "साहेबांना सांगू नका, मॅडम. निवृत्तीला आठच महिने उरलेत."

विभावरी ओशाळली. खुर्ची ओढून ती शेजारी बसली. "संध्याकाळी डोळे दाखवून येऊ. तोवर पत्रं मी वाचते, उत्तरं तुम्ही सांगा."