समोरचं मराठी घर

समोरच्या फ्लॅटमध्ये मराठी कुटुंब येतंय हे कळलं, त्याच संध्याकाळी दिनकररावांनी दारावरची पाटी उतरवली. ‘दिनकर वाघमारे’ जाऊन तिथे नुसतं ‘दिनकर - लता’ आलं.

दिल्लीतल्या द्वारकेच्या या सोसायटीत नऊ वर्षं त्या आडनावाने काही बिघडलं नव्हतं. उलट पहिल्याच दिवशी सेक्रेटरी मित्तल म्हणाले होते, “बाघ मारनेवाले? फिर तो आप ठाकुर हुए!” दिनकरराव हसले. नाही म्हणाले नाहीत. तेव्हापासून ते सगळ्यांचे ठाकुर साहब. पण दिल्लीकरांना वाघमारेत जे दिसलं नाही, ते मराठी माणसाला पाटी वाचता वाचता दिसणार होतं. जात, राखीव जागेवरची नोकरी, मुलीचा दाखला, सगळंच.

“किती दिवस लपायचं असं?” लताने विचारलं.

“कृतिकाची ॲडमिशन होईपर्यंत. तिच्या मैत्रिणी इथल्याच आहेत. एकदा कळलं की तिच्या मार्कांना कुणी मार्क म्हणणार नाही.”

नवे आले. देवयानी आणि सुधन्वा. नावंच अशी की पुढे विचारायची गरज नव्हती. मराठी तर अगदी सदाशिव पेठी. परमुलखात मराठी माणूस भेटला की तिसऱ्या वाक्याला ‘मूळ गाव कुठलं?’ येतंच, देवयानीने एकदाही विचारलं नाही. तिला कळून चुकलंय, असं दिनकररावांनी धरून टाकलं आणि धसका घेतला. ती लिफ्टपाशी दिसली की ते सरळ जिना धरत. सहा मजले. गुडघे कुरकुरायचे, पण प्रश्न तरी टळायचे.

मग ती पेटी आली. आरक्षण बंद व्हावं का, यावर सोसायट्या-सोसायट्यांतून मतदान घ्यायची मोहीम निघाली होती. निकाल म्हणे सरकारकडे जाणार होता. क्लब हाऊसमध्ये टेबल, पेटी आणि मित्तल. चिठ्ठीवर ‘हो’ किंवा ‘नाही’, खाली फ्लॅट नंबर आणि सही. गुप्त मतदानाचा हा नवाच प्रकार.

“ज़बरदस्ती बिल्कुल नहीं है,” मित्तल म्हणाले. “बस, सौ परसेंट हो जाए तो अच्छा लगेगा. आइए, ठाकुर साहब.”

रांगेत पुढे देवयानी होती. ती बाजूला झाली. “आधी तुम्ही, काका.”

परीक्षा घेतेय, दिनकररावांना वाटलं. पेन हातात घेतलं आणि त्यांना वडील आठवले. तालुक्याच्या वसतिगृहात मुलाला सोडायला आलेले, आणि नाव लागल्याचं कळेपर्यंत दिवसभर बाहेरच्या पायरीवर बसून राहिलेले. देवयानी बघत होती. त्यांनी ‘हो’वर खूण केली, सही केली आणि चिठ्ठी न दुमडता पेटीत टाकली. तिला दिसावी म्हणून.

तिनेही ‘हो’वरच खूण केली. तिचं पेन दोनदा अडलं.

“झालं,” घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. स्वतःची इतकी शरम त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती.

महिन्याभरातच समोरच्यांनी घर सोडलं. खाली सामानाचा टेम्पो लागलेला पाहून दिनकररावांना हायसं वाटलं. सुटलो एकदाचे, असं ते लताला म्हणालेही.

तेवढ्यात बेल वाजली. दारात देवयानी.

“ये ना, आत ये,” लता म्हणाली. ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

“नको काकू. काकांशीच जरा बोलायचं होतं.” तिने मान वर केली नाही. “तुम्ही आमच्याबरोबर लिफ्टमध्ये चढत नव्हतात, तेव्हाच मी समजले, ठाकूरकाका. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. फक्त नव्या सोसायटीत मित्तलजींची बहीण राहते. आम्ही कांबळे आहोत, हे तिथे तेवढं कळू देऊ नका.”