तिसरा उतार

दुसऱ्या खिंडीतही थोरली आधीच पोचली होती. दगडावर बसून निवांत केळं खात होती, जसं काही बागेत फिरायला आलीय. धाकटी भात्यासारखी धापा टाकत वर आली आणि तिने सायकल जवळजवळ आपटलीच.

"दमलीस?" थोरलीने विचारलं.

"नाही. नाचत होते."

थोरली हसली. धाकटीला तेच डाचलं. हसायचंसुद्धा हिला छान जमायचं.

बाबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे छताला त्यांची स्वतःची निळी सायकल टांगलेली असायची, शर्यतीची. गुडघे गेल्यापासून ती खाली उतरली नव्हती. काल जेवताना ते म्हणाले, "उद्या तीन खिंडी ओलांडून जी आधी दुकानात पोचेल, सायकल तिची. मागून रडारड नको." रडारड म्हणताना त्यांनी बघितलं मात्र धाकटीकडे.

थोरली कॉलेजात पहिली. थोरलीचं अक्षर मोत्यासारखं. थोरली चढाला लागली की पिसासारखी. धाकटीने नववीत शाळा सोडली, तेव्हापासून ती दुकानात वाकडी चाकं सरळ करत बसायची, आणि येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आधी विचारायचं, "मोठी कुठाय?" म्हणून हवी होती तिला ती सायकल. एक तरी वस्तू अशी हवी होती, जी थोरलीची वापरून झालेली नाही.

एक मात्र तिला कळत नव्हतं. जिंकायचंय, तर ही वर थांबते कशाला? पहिल्या खिंडीतही थांबली होती. "हो पुढे," म्हणाली, मग उतारभर गोचिडासारखी मागच्या चाकाला चिकटून आली, आणि चढ लागला रे लागला की भुर्रकन पुढे. दुसऱ्या उतारावरही तीच तऱ्हा. धाकटीने चिडून एका वळणावर मुद्दाम उशिरा ब्रेक दाबले. थोरलीनेही उशिराच दाबले. खाली पोचल्यावर "येते गं," म्हणाली आणि गेली.

तिसरा चढ धाकटी शिव्या घालत चढली. वळणावर वळण, आणि प्रत्येक वळणाच्या वर ती पिवळ्या जर्सीतली पाठ. दिसायची, लपायची, परत दिसायची. एकदाची ढगात जाऊन नाहीशी होऊ दे, असं धाकटीला वाटलं.

वर वारा नुसता कापत होता. थोरली तिथेच उभी होती, ओठ निळे, हात काखेत. किती वेळची, कोण जाणे.

धाकटीचं टाळकं सटकलं. "मेहेरबानी करतेस का माझ्यावर? जा की! जिंक आणि हो मोकळी!"

"पुढे उतार आहे," थोरली म्हणाली.

"मग?"

"मला नाही उतरता येत." थोरलीने मान खाली घातली. "मागच्या वर्षी पडले ना, तेव्हापासून. वळण आलं की हात बधिर होतात. मी रस्ता बघतच नाही, तुझं चाक बघते. तू ब्रेक दाबलास की मी दाबते, तू वळलीस की मी वळते." मग हळूच म्हणाली, "जळते मी तुझ्यावर. अशी सुटतेस, जसं काही खाली कुणी गादी अंथरून ठेवलीय."

धाकटी बघतच राहिली. ही जळते? माझ्यावर? गोड वाटायला हवं होतं. पण डोक्यात भलतंच चमकलं. म्हणजे हिला इथेच टाकली की झालं!

तिने थोरलीला पेडलवर पाय ठेवायलाही वेळ दिला नाही. सुटली.

"अगं, थांब! थांब ना!"

हाक एका वळणापर्यंत आली. मग नुसता वारा. खडी पसरलेल्या एका वळणावर तिचं मागचं चाक सरकलं, तिने हसत ते सावरलं. इतकी झकास ती आयुष्यात उतरली नव्हती. बघायला मागे कुणी नव्हतं, एवढंच.

खाली पूल होता. पुलापलीकडे पहिलंच दुकान बाबांचं. बाबा चिंधीला हात पुसत दारात उभे, शेजारी निळी सायकल भिंतीला टेकवलेली. पुलावर धाकटीने वळून बघितलं. थोरली किती मागे पडली, ते डोळे भरून बघायचं होतं तिला.

घाटाची वरची वळणं ढगात होती. खालचा रस्ता सगळा उघडा पडला होता. त्यावर कुणीच नव्हतं.

ती थांबली. बघत राहिली. ती खडी आठवली. तिथे कठडा नव्हता, तेही आत्ता आठवलं.

तिने सायकल उलटी फिरवली.

"ए बये! निघालीस कुठे?" बाबा ओरडले. "सायकल इकडेय!"

ती उभ्याने पेडल मारत चढाला लागली. मांड्या पेटल्या, तोंडाला कोरड पडली, पण मान वरच. वळणामागून वळण ती पिवळं काहीतरी शोधत होती. दिसू दे. पुढे दिसू दे.

ढग सुरू होत होता तिथे थोरली दिसली. चालताना घसरणारे सायकलचे बूट हातात, पायात नुसते मोजे, सायकल ढकलत चालत उतरत होती. धाकटीला बघून ती जागच्या जागी थांबली.

"आत्ता ढग सरकला तेव्हा पुलावर होतीस ना तू?" ती म्हणाली. "एवढ्यात इथे? बाई गं, मलासुद्धा नसता जमला हा चढ असा."

हे ऐकायला धाकटी जन्मभर तडफडली होती. आता ते तिला ऐकूच गेलं नाही. सायकल रस्त्यात आडवी टाकून ती थोरलीचे कोपर, गुडघे, हनुवटी चाचपत होती, "कुठे लागलंय? बोल ना गं, कुठे लागलंय?"