स्त्रातिसच्या वाट्याचा तुकडा

डिसेंबरच्या सुरुवातीला, संत निकोलासच्या सणाला समुद्रावर गेलेली स्त्रातिसची होडी नवं वर्ष उजाडलं तरी परतली नव्हती, आणि त्याची बायको इव्हांथिया अन्नाला शिवत नव्हती. तरी सासूने, मरिगोबाईंनी, रिवाजाप्रमाणे स्वतः भाजलेला नववर्षाचा केक कापला: ख्रिस्ताचा तुकडा, घराचा, स्वतःचा, स्त्रातिसचा, सुनेचा, धाकटा मुलगा पांतेलिस याचा. भाजण्याआधी पिठात घातलेलं एकुलतं नाणं ज्याच्या वाट्याला येईल, तो वर्षभर सुखरूप.

ख्रिस्ताच्या तुकड्यात नाणं निघालं नाही, घराच्याही नाही. शाळेत गणित शिकवणाऱ्या पांतेलिसने आपला तुकडा कुस्करला. "माझ्यातही नाही. वहिनी, आता तिनांत एक."

इव्हांथियाने आपला मोडला. नव्हतं.

"आता निम्मी आशा. आई, तुझा मोड!"

"मोडते रे मास्तर, जीव नको खाऊस." मरिगोबाईंच्या तुकड्यातही काही निघालं नाही.

"म्हणजे दादाच्याच तुकड्यात! दुसरीकडे जाईल कुठे?" पांतेलिस ओरडला.

इव्हांथियाने हात पुढे केला, तोच सासूने ती ताटली उचलून मरियामातेच्या तसबिरीपुढे ठेवली. "त्याचा तो येऊन मोडेल, पोरी. आता तरी दोन घास खा."

इव्हांथिया रडत सासूला बिलगली.


सासूच्या ॲप्रनच्या खिशातलं नाणं तिला टोचलं. तिने डोळे पुसले आणि पहिला घास घेतला.