अध्यक्षांचं सुट्टीतलं घर

"राष्ट्राध्यक्षांच्या सुट्टीतल्या घरांचा इतिहास लिहितात, मग माझ्या बंगल्याचा का नको? मीपण अध्यक्षच आहे की!" हडपसरच्या सोसायटीचे अध्यक्ष बजरंगराव स्मरणिकेच्या लेखासाठी कमरजहांबाईंच्या मागेच लागले.

"लिहिते, पण पुराव्यानिशी हं," बाई म्हणाल्या. शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला होता त्यांनी.

पानशेतच्या बंगल्यावर आधी बाकडी आली, मग झोपाळा, गेल्या साली पाण्याचा पंप, असं सगळं त्यांनी तारीखवार लिहून दिलं. एवढी बारीकसारीक माहिती बघून बजरंगरावांची छाती फुगली आणि लेख जसाच्या तसा छापून घरोघरी गेला.



लेखाच्या तळाशी बाईंनी शिस्तीत संदर्भ दिला होता: "सोसायटीची तक्रारवही, हरवलेल्या वस्तूंच्या नोंदी."