मुळासकट

"आणली!" माळीबुवा दारातूनच ओरडले आणि चपला न काढता थेट स्वयंपाकघरात घुसले. "अगं, आणली! पिशवीभर! आणि तीही एकट्यानं!"

पाय जमिनीवर ठरत नव्हते त्यांचे. बत्तीस वर्षं सार्वजनिक बागेत तण उपटण्यात घालवलेला माणूस. निवृत्त झाला आणि रविवारी सकाळी रानभाज्या ओळखण्याच्या वर्गाला जायला लागला. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी जमिनीलगत पसरलेली घोळीची भाजी दाखवली, तसे माळीबुवा तिथंच मटकन बसले. अरे देवा, हिचे तर आपण ढीगच्या ढीग जाळले! तेव्हापासून एकच ध्यास लागला होता. दुकानाची पायरी न चढता, आपण ओळखून, आपण खुडून, घरात एक वेळचं जेवण करायचं.

बायकोनं अट घातली होती. जन्मभर दवाखान्याच्या खिडकीत बसून औषधाच्या पुड्या बांधलेली बाई ती. एका पुडीतली गोळी कधी दुसरीत गेली नाही. "एक जरी काडी चुकीची निघाली," ती म्हणाली होती, "तर पिशवी त्या खिळ्याला टांगायची. ती पुन्हा खाली उतरायची नाही."

आता तिनं टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि पिशवी त्यावर उलटी केली.

"अगं, एक पान तोंडात टाकून तर बघ. कसं आंबटसर लागतं!"

"चव मागाहून. आधी देठ."

भाजीसारखंच दिसणारं एक विषारी तण भाजीच्याच शेजारी उगवतं. देठ मोडून बघायचा. पाणी आलं तर भाजी, पांढरा चीक आला तर हात लावायचा नाही. माळीबुवांनीच तिला हे दहादा ऐकवलं होतं, आणि आता त्यांच्याच अंगाशी आलं होतं.

कट्. "पाणी," ती म्हणाली. काडी उजवीकडे. कट्. "पाणी." 

"आहेच! म्हटलं नव्हतं?"

"मान काढा मधून. उजेड अडतोय."

ढीग निम्मा झाला. माळीबुवांना धीर धरवेना. त्यांनी पातेलं काढलं, परत ठेवलं, मीठ शोधलं. मग ध्यानात आलं, की मागचा आवाज थांबलाय.

बायकोच्या अंगठ्यावर एक पांढरा थेंब होता. तिनं तो पुसला, तीच काडी जरा वर मोडली. पुन्हा पांढरा.

माळीबुवा मीठ तसंच ठेवून टेबलाशी आले. "अगं, मी एकूण एक देठ मोडून..." पहाटेपासून जुन्या वीटभट्टीमागं कंबर मोडेस्तोवर वाकून खुडली होती भाजी. पण अट ती अट. आजपासून घरात पुन्हा 'तुम्ही बसा, तुम्हाला नाही जमायचं' सुरू होणार, याचंच त्यांना फार वाईट वाटलं.

बायकोनं पिशवीची घडी केली. खिळ्यापर्यंत गेली, आणि तिथून परत फिरली. ती चीक आलेली काडी तिनं उचलून उजेडात धरली.

"हिला मूळ आहे," ती म्हणाली. "मातीसकट."

"असेल."

"असेल काय? बाकीच्या सगळ्या दुसऱ्या पेरापाशी खुडलेल्या आहेत. ही एकच उपटलेली कशी?"

माळीबुवांनी काडीकडं पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडं. आणि एकदम उसळले. "अगं, ही वाईट, म्हणून तर उपटली! चीक बघितला आणि म्हटलं, दुसऱ्या कुणाच्या हाती लागायला नको!"

"मग पिशवीत कशाला टाकलीत?"

"मग कुठं टाकणार? उपटलेलं तण जमिनीवर ठेवलं तर पुन्हा रुजतं. खांद्यावरच्या पिशवीत टाकायचं. बत्तीस वर्षं तेच तर..."

बोलता बोलता ते थांबले. आज खांद्यावर भाजीचीच पिशवी होती हे ध्यानात आलं, तसा त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

बायकोनं ओठ घट्ट मिटले होते, पण खांदे हलत होते. हसू आवरल्यावर तिनं साबणानं हात धुतले, वर्तमानपत्र बदललं आणि उरलेला ढीग पुढं ओढला. निवडून झालेल्या काड्याही तिनं पुन्हा तपासायला घेतल्या. माळीबुवा परीक्षेच्या निकालाला आल्यासारखे भिंतीला टेकून उभे राहिले. पाणी. पाणी. पाणी. शेवटची काडी तिनं तीन ठिकाणी मोडली.

"पाणी," ती म्हणाली. "आधण ठेवा."

माळीबुवा पातेल्यावर अक्षरशः झडप घालणार होते.

"आणि त्याआधी हातोडी आणा."

"हातोडी? ती कशाला?"

बायकोनं फडताळातून आपली दवाखान्यात न्यायची जुनी लाल पिशवी काढली, खिडकीबाहेर झटकली आणि भिंतीवरच्या खिळ्याशेजारी धरून बघितली.

"खिळा एकच आहे," ती म्हणाली. "आणि उद्या आपण पिशव्या दोन नेणार. एक भाजीची, एक तणाची."